शरापत-एजेंची किल्ली

२४ एप्रिल

कानामागून आली आणि तिखट झाली! बुरुल. दुसरं कोण?

आज आमच्या बाई शरापत-एजेंनी सगळ्या वर्गासमोर तिचं गाठोडं उंच धरलं. "बघा रे, याला म्हणतात पुस्तक सांभाळणं!" बाहेर आभाळ फाटलेलं, पोरं नखशिखांत ओली, आणि हिची पुस्तकं आत्ता कपाटातून काढावीत तशी कोरडी. कशात गुंडाळलेली? बुरणुसाच्या तुकड्यात! घोड्याच्या खोगिराखाली घालतात तसला, जाड, राखाडी, मेंढरांचा वास मारणारा. "पाणी वरून ओघळून जातं, एजे, आत शिरत नाही," ही मान खाली घालून सांगते. नम्रपणाचा कळसच!

माझी पुस्तकंही कोरडी होती. मी नव्या प्लास्टिकमध्ये घालून नेली होती. ती कुणी उंच धरली नाहीत.

२५ एप्रिल

काल रागाच्या भरात मुद्दाच लिहायचा राहिला.

हिवाळ्याच्या बर्फाने वाचनालयाचं छप्पर फुटलं. पत्रे करकोलहून यायचेत, ते येतील तेव्हा येतील. तोवर खोलीत सात ठिकाणी बादल्या. म्हणून शरापत-एजेंनी सगळी पुस्तकं नववी-दहावीच्या मुलांना घरी सांभाळायला वाटून दिलीत. "ही पुस्तकं नाहीत, पाहुणे आहेत असं समजा. पाहुण्याला ओल्या जागी झोपवाल का? चुलीवर भाजाल का?" आठवड्यातून दोनदा थोडी थोडी दाखवायला आणायची.

जूनमध्ये एजे लेकीच्या बाळंतपणाला बिश्केकला जाणार. सुट्टीभर वाचनालयाची किल्ली कुणातरी मुलाकडे राहणार. ज्याची पुस्तकं सर्वांत चांगली परत येतील त्याच्याकडे! तो उघडेल, तो पुस्तकं देईल-घेईल, एजेंच्या खुर्चीत बसेल.

ती किल्ली माझी आहे. दोन वर्षं मी त्या खोलीत पुस्तकांना खळ लावतेय, क्रमांक घालतेय, धुळीने शिंकतेय. एजे पहिल्यांदा किल्लीचं बोलल्या तेव्हा मला वाटलं, माझ्याकडेच बघून बोलतायत. आता वाटतं, माझ्या मागच्या बाकाकडे बघत होत्या. तिथे बुरुल बसते.

२८ एप्रिल

आज मी जिंकले! पक्ष्यांचं मोठं पुस्तक द्यायचं राहिलं होतं. रंगीत चित्रांचं, पाठीवर कापड लावलेलं, शाळेत एकच. बुरुलने हात वर केला. मीही केला, तिच्याआधी, म्हणजे जवळजवळ आधी. एजे म्हणाल्या, "केन्जेगुलच्या घराला नवं छप्पर आहे. तिकडेच बरं."

बापाने, आमच्या अताने, रशियातून पैसे पाठवून घातलेलं हिरवं छप्पर शेवटी कामाला आलं.

एजे पुढे म्हणाल्या, "पण केन्जे, हे पुस्तक पावसात बाहेर काढायचं नाही. दाखवायलाही आणू नकोस. छप्पर झालं की एकदाच आण." आणि मग सगळ्यांना उद्देशून, "किल्ली ज्याला मिळेल त्याने उन्हाळाभर गावातच राहायचं हं. जैलूवर जायचं नाही. रोज दार उघडायचं."

"सगळा उन्हाळा?" बुरुलने विचारलं.

"सगळा."

ती खिडकीतून डोंगराकडे बघायला लागली. तिच्या घरचे दरवर्षी मेंढरं घेऊन वर कुरणात जातात, तंबू टाकतात. मला वाटलं, हरली! पण घरी जाताना परत तसंच बुरणुसाचं गाठोडं, तशीच मान खाली.

४ मे

पाऊस. एजे हल्ली पुस्तक उघडून वाचत नाहीत, हुंगतात. डोळे मिटून, मधल्या पानात नाक खुपसून. "तुझ्याकडे स्वयंपाकघरात ठेवलंय. कांदा." "तुझ्याकडे चुलीजवळ." माझं हुंगलं आणि नाक मुरडलं. "प्लास्टिकमध्ये कोंडलंस ना? घाम आलाय बिचाऱ्याला."

पुस्तकाला घाम!

बुरुलचं हुंगलं आणि काय म्हणाल्या? "हं. कुरणाचा वास."

अख्ख्या वर्गात मेंढरांचा वास येत होता. पण तो कुरणाचा!

८ मे

आईकडे बुरणूस मागितला. अपा म्हणते, "सगळी लोकर अनाराच्या लग्नाच्या दुलयांत गेली, तुला कुठून देऊ?" बरोबरच आहे. आपल्या घरात यंदा जे जे चांगलं आहे ते सगळं अनारा-एजेच्या दुलयांत जातंय.

लहानपणी मला शरापत-एजे पण आपल्याच घरच्या वाटायच्या. मोठ्या बहिणीला एजे, मास्तरणीला एजे. मग दोघी मिळून दुपारी घरी का येत नाहीत, असं मी रडून विचारायचे, म्हणे. अजून अनारा-एजे चिडवते.

फेब्रुवारीत बुरुलच्या आईने येऊन अनारा-एजेच्या कानांत डूल घातले. चांदीचे, त्यांच्या घरातले जुने. म्हणजे लग्न ठरलं. नवरा मुलगा तेमिर वाईट नाही. हसतो, कामाला वाघ आहे, अपाच्या हातचा चहा दोनदा मागून घेतो. पण तेमिरची बहीण बुरुल आहे! सगळ्या गावात तेमिरलाच बहीण असायची होती, आणि ती हीच असायची होती.

आणि ही बया लग्न व्हायच्या आधीपासून "जेंगे, जेंगे" करत एजेच्या मागे. भावाची बायको म्हणजे जेंगे, मान्य. पण अजून झाली कुठे बायको?

एजे म्हणते, "तिला बहीण नाही गं. चार भाऊ आणि तीनशे मेंढरं."

मग मेंढरांना जेंगे म्हण म्हणावं.

१३ मे

काय करून बसले मी!

शरापत-एजेंनी स्पष्ट सांगितलं होतं, पक्ष्यांचं पुस्तक पावसात बाहेर काढू नकोस. आज काढलं. का? बुरुलला दाखवायला. मधल्या सुट्टीत बाकावर उघडून बसले, गरुडाच्या पानावर. ती आली. वाकून बघितलं. हात मागे बांधून, चित्राला बोट न लावता. म्हणाली, "शेपूट बरोबर काढलीय. आमच्या वरच्या कड्यावर असतो हा." झालं! तिथेही हिचाच गरुड!

घरी येताना पाऊस वाढला. दुकानाच्या वळचणीला उभी राहिले, पिशवी पाटाच्या कठड्यावर ठेवली. समोरून अनारा-एजे येत होती, शिंपिणीकडून. आणि तिकडून बुरुल, बुरणुसाचं गाठोडं छातीशी धरून. एजेने काय केलं? डोक्याचा रुमाल सोडला आणि बुरुलच्या गाठोड्यावर पांघरला. माझा रुमाल! म्हणजे एजेचाच, पण त्याची कड मी घातलीय, निळी, गेल्या नवरोजला. स्वतः उघड्या डोक्याने भिजतेय, आणि दोघी हसतायत. कशाला एवढं हसायचं?

मी बघत राहिले. पिशवीकडे लक्षच नव्हतं. कुणीतरी ओरडलं, "ए पोरी, तुझी पिशवी!" खाली बघितलं तर पिशवी पाटात. पाण्याला ओढ होती. धावले, मोरीपाशी गाठली.

पाणी पुस्तकाच्या मधोमध शिरलंय. गरुडाच्या पंखापासून शेपटीपर्यंत.

एजे घरी आली. "केन्जे, तू कशी एवढी भिजलीस?"

"पावसाने!"

"माझ्यावर का ओरडतेस?"

१४ मे

चुलीजवळ ठेवायचं नाही. पानं लाटांसारखी होतात, आणि शरापत-एजेंचं नाक चुलीला लगेच ओळखतं. उन्हात ठेवायचं तर ऊन कुठाय? पुसलं. पानापानात जुनी वर्तमानपत्रं घातली. आता वरून वजन हवं आणि खाली-वर लोकर हवी, ओल ओढून घ्यायला.

रोजच्या दुलया झोपताना निघतात, अपाला लगेच दिसेल. पण कोपऱ्यात पेटीवर अनारा-एजेची लग्नाची चळत आहे, छतापर्यंत. नव्या दुलया, हात लावायची कुणाला परवानगी नाही. त्यातच सारलं, मधोमध, लाल आणि जांभळीच्या मध्ये. लग्नाआधी काढून घेईन.

देवा, ऊन पाड.

१८ मे

वर्तमानपत्रं बदलली. ओल कमी आहे. डाग आहे तिथेच. पुठ्ठा अजून वाकडा. राहू दे आणखी दाबून.

आज बुरुल घरी आली होती, एजेचा रुमाल परत द्यायला. धुऊन, इस्त्री करून! आमच्याकडे साय-पोळी खाल्ली, चळतीला पाठ टेकून बसली. मला घाम फुटला, प्लास्टिकमधल्या पुस्तकासारखा. जाताना म्हणते, "पक्ष्यांचं पुस्तक एक दिवस वाचायला देशील? इथेच बसून बघेन, नेणार नाही."

"एजेंनी बाहेर काढायला मना केलंय," मी म्हणाले.

"अगं, पण घरातल्या घरात—"

"मना म्हणजे मना."

अनारा-एजे मागून म्हणाली, "एवढी कशी गं तू कडू?"

कडू तर कडू. मला विचारून का तिला गोड म्हणतेस?

२५ मे

वर्षाची शेवटची घंटा झाली. शाळा सुटली. पत्रे आले, छप्पर चढतंय, ठोकाठोक घरापर्यंत ऐकू येते. ५ जूनला सगळी पुस्तकं परत.

सगळे म्हणतात, किल्ली बुरुललाच. सगळे म्हणजे सगळे! माझी मैत्रीण म्हणवणारी नुरिझासुद्धा. "तिची पुस्तकं बघितलीस ना?"

बघितली. रोज तीच बघतेय.

२९ मे

लग्न. क्रमाने लिहिते.

काल अपाने मला मावशीबरोबर करकोलला पिटाळलं, मिठाई आणायला. संध्याकाळी परत आले तर चळत गायब! सगळ्या दुलया चादरींत बांधून, वर दोरी, गाठोडी दाराशी. आत्या, माम्या, शेजारणी सगळ्या चहा पीत तिथेच बसलेल्या. लाल आणि जांभळी कुठल्या गाठोड्यात? कुणाला विचारू? काय म्हणून विचारू?

सकाळी त्यांची मोटार आली. नवरीचं सामान उचलायच्या आधी घरातल्या धाकट्यांनी गाठोड्यांवर बसायचं, वरपक्षाने काहीतरी हातावर ठेवलं की उठायचं. मी दुरून बघून घेतलं. एका गाठोड्याच्या फटीतून जांभळं दिसलं. त्यावर जाऊन बसले.

तेमिरच्या काकांनी चॉकलेट दिलं. नाही उठले. रुमाल दिला. नाही. नोट दिली. नाही! सगळे खदाखदा हसायला लागले. "शाबास केन्जे! सोडू नकोस!" "ही पोरगी घोडा मागणार!" "घोडा कसला, काकांची टोपी काढून घेईल!" काकांनी खरंच टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. मी तशीच, दोरी घट्ट धरून. दोरीखाली हात घालून चाचपत होते. नुसती लोकर.

मग तेमिर स्वतः आला, गुडघे टेकून बसला. "सांग, काय हवं तुला?"

काय सांगू? मागे बुरुल उभी होती. ती एकटी हसत नव्हती.

शेवटी अनारा-एजे आली, पांढऱ्या ओढणीतून वाकून कानात म्हणाली, "ऊठ वेडे. मी काय मरायला चाललेय? ओढ्यापलीकडे तर जातेय." आणि अपाने मागून असा चिमटा काढला की मी उठलेच.

गाठोडं गेलं. मी रडायला लागले. बायका म्हणाल्या, "बहिणीवर जीव आहे पोरीचा." त्यांना काय माहीत? मी पुस्तकासाठी रडत होते.

निदान सुरुवातीला.

३० मे

घरात पेटी तेवढी आहे. वर काही नाही. भिंत दिसते.

१ जून

काही निरोप नाही. सासरी पहिल्याच दिवशी बायका नवरीच्या दुलया उलगडून बघतात, लोकर दाबून बघतात, टाके मोजतात. पुस्तक सापडलंच असणार. बुरुलला दिसलंच असणार. आता तिला काय करायचंय? पुस्तक उचलायचं, शरापत-एजेंसमोर ठेवायचं. किल्ली तिची. मी असते तर तेच केलं असतं.

दोनदा ओढ्यापर्यंत जाऊन परत आले. नव्या नवरीच्या घरी इतक्यात माहेरच्यांनी जायचं नसतं, अपा रागावली.

५ जून

नवं छप्पर चकाकत होतं. सगळे रांगेत. माझी बाकीची पुस्तकं मी दिली, बरी निघाली, घाम वाळला होता. शरापत-एजे म्हणाल्या, "आणि पक्ष्यांचं?"

मी उगाच रिकामी पिशवी उघडून बघितली.

"माझ्याकडे आहे, एजे," मागून बुरुल म्हणाली. बुरणूस उलगडला. पुस्तक! पुठ्ठा सरळ, कडा सरळ, पाठीचं सुटलेलं कापड परत चिकटवलेलं. "मी केन्जेकडून बघायला मागून घेतलं होतं. आमच्याकडे पाणी लागलं. तिची काही चूक नाही."

आमच्याकडे पाणी लागलं!

एजेंनी गरुडाचं पान उघडलं, डागावरून बोट फिरवलं. मग नाक खुपसलं. बराच वेळ. "चुलीचा वास नाही. लोकर आहे... नवं कापड आहे." माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. मी आत्ता बोलते, आत्ता बोलते, असं मनात म्हणत राहिले आणि दात तसेच मिटलेले.

"बरं," एजे बुरुलला म्हणाल्या. "पोरी, वाळवलंस मात्र सुरेख. पण ज्याची पुस्तकं चांगली त्याची किल्ली, बोलले ते बोलले." आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. लाल दोऱ्यातली. एवढी जड असते हे माहीत नव्हतं.

बुरुल माझ्याकडे न बघता निघून गेली. तिचे खांदे हलके दिसत होते. हरलेल्या माणसाचे असे दिसत नाहीत. की मलाच तसं वाटलं?

६ जून

मी खूश आहे. लिहून ठेवते. मी खूश आहे.

खोटं! अजिबात नाही. किल्ली उशाशी आहे आणि मी जळतेय. पुस्तकं सांभाळण्यात ती पुढे, शरापत-एजेंच्या मर्जीत ती पुढे, माझ्या बहिणीच्या घरात ती, आणि आता चांगुलपणातही हिनेच मला मागे टाकायचं? निदान वाईट तरी असायचीस गं! मला नीट द्वेष तरी करता आला असता.

७ जून

वाचनालय उघडलं. एजेंच्या खुर्चीत बसले. चार मुलं आली. पाचवीतलं एक पोरगं पुस्तक सदऱ्याखाली पोटाशी धरून पळत सुटलं, दोन थेंब पडले म्हणून. मी ओरडले, "हळू! पडशील!" आवाज अगदी शरापत-एजेंसारखा आला. असं काहीतरी झालं की संध्याकाळी मी अनारा-एजेला सांगायचे. तेवढ्यासाठीच दिवस लक्षात ठेवायचे.

ठरवलं. उद्या जाते. अपा रागावली तर रागावू दे. किल्ली बुरुलच्या हातात देते, शरापत-एजेंना फोन करून खरं सांगते. मग मी आणि ती बरोबरीच्या. मग मी तिच्याकडे ताठ बघेन.

८ जून

त्यांच्या दारात मोटार भरत होती. तंबूच्या काठ्या, किटली, बुरणुसांच्या गुंडाळ्या. वर अनारा-एजे, बाह्या वर सारून, उन्हाने आत्ताच लाल झालेली. मी बुरुलला बाजूला घेतलं, किल्ली पुढे केली.

तिने हात मागे घेतला! "नको गं बाई! ती मिळाली असती तर आमची अपा मला आजीजवळ खालीच ठेवणार होती. सगळा उन्हाळा! मला जैलूवर जायचंय, जेंगेबरोबर." मग हळूच म्हणाली, "पुस्तक तिलाच सापडलं, दुलई उलगडताना. कुणी बघायच्या आत तिने ओढणीखाली घेतलं. रात्री आम्ही दोघींनी मिळून चिकटवलं. तीच म्हणाली, केन्जेला किल्ली हवीय, तुला मी हवीय. मग भांडताय कशाला?"

मोटार सुरू झाली. एजेने वरून ओरडून विचारलं, "खूश ना, केन्जे?"

मी किल्ली उंच धरून दाखवली. ती हसली, बुरुलला ओढून शेजारी घेतलं, आणि गेल्या.

एजेला वाटलं, मला किल्ली हवी होती.